राइट बंधूंची टिपणवही

मंडळी, विमानाचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पंख येतात, इंजिन येते. त्यामागची वही सहसा कुणाला आठवत नाही. आज तिचीच हकीकत ऐका.

अमेरिकेत डेटन शहरी विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. १९०१ साली किटी हॉकच्या वाळूवर त्यांनी आपले ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवून पाहिले. हिशेबाप्रमाणे मिळायला हवी तेवढी उचल काही मिळेना! पण वाऱ्याचा वेग, पंखाचा कल, दोरीची ओढ हे सारे त्यांनी जागच्या जागी टिपले होते. त्या टिपणांवरून त्यांनी हिशेब उलटा मांडला. तेव्हा दिसले की, शंभरावर वर्षे चालत आलेला हवेच्या दाबाचा गुणांक ०.००५ हाच फुगलेला होता, तो ०.००३३ च्या सुमारास हवा होता.

मग दुकानातच सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून, तीत वारा सोडून, त्यांनी सुमारे २०० छोटे पंख चाचपले. निवडक पंखांना नंबर दिले, मापांचे तक्ते केले. त्यांवरून १९०२ चे ग्लायडर बेतले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान प्रथम उडाले, १२ सेकंद.

गुरुजी, शाळेच्या विहिरीचे पाणी मुलांकडून मोजून घ्याल, तेव्हा आकड्याशेजारी तारीख, वेळ आणि कशाने मोजले तेही लिहायला सांगा. घरी जाऊन आठवून लिहू, असे म्हणू देऊ नका. पुढच्या वर्षी दुसरी मुले ती वही उघडतील, तेव्हा त्यांना ती वाचता आली पाहिजे.