मोडशी, पेज आणि चिमूटभर मीठ

मोडशी हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. पोट बिघडलं, उलट्या-जुलाब सुरू झाले की जुनी माणसं म्हणायची, "मोडशी झाली." इतका साधा, घरगुती शब्द. पण त्याने केवढा प्रवास केला आहे! पोर्तुगिजांनी तो गोव्यात ऐकला आणि त्याचं ‘मोर्देशी’ केलं. फ्रेंचांच्या तोंडी त्याचंच ‘मोर द शियँ’ झालं, म्हणजे त्यांच्या भाषेत चक्क ‘कुत्र्याचं मरण’. शब्दाचा विपर्यासच हा, पण त्या आजाराने माणसाचे जे हाल होत ते पाहता अर्थ फारसा चुकला नव्हता.

१५४३ च्या पावसाळ्यात गोव्यात ही साथ आली. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सतत उलट्या, न भागणारी तहान, पोटऱ्यांत आणि तळपायांत गोळे, काळी पडलेली नखं. मृत्यू एवढे झाले की चर्चच्या घंटा थांबेनात. लोक धास्तावतात म्हणून अखेर गव्हर्नरने घंटा वाजवायलाच बंदी केली. इस्पितळात गेलेल्या एका रोग्याचं शवही त्याने वैद्यांकडून उघडून घेतलं. आत काही सापडलं नाही. फक्त जठर आक्रसून, होरपळलेल्या कातड्यासारखं सुरकुतलेलं होतं. कारण डोळ्यांसमोर होतं, पण ते ओळखणारं कोणी नव्हतं. माणूस आतून सुकून मेला होता.

पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही हा आजार आहे. इथले लोक रोग्याला काय देतात, हे ओर्ता सांगतो: मिरी आणि जिरं घातलेलं तांदळाचं पाणी, म्हणजे ‘कांजी’. त्याच्याच जोडीला पायांना डाग देणं आणि डोळ्यांत पिंपळी टाकणं हेही उपाय येतात! शहाणपण आणि अघोरीपणा असे एकाच खाटेपाशी बसलेले.

यातलं शहाणपण कोणतं, हे कळायला आणखी चारशे वर्षं लागली. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पटकी पोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी, मीठ आणि क्षार कमी झाले होते. (हाच माणूस पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्र उभारलं.) त्याचं वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावात थॉमस लाट्टाने मरणाच्या दारातल्या एका वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर. बाईच्या चेहऱ्यावर रंग आला, नाडी लागली, ती बोलू लागली. आता धोका टळला असं समजून लाट्टा निघून गेला. मागे जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी मात्र पुन्हा कोणी दिलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात बोलकी वाटते. औषध चुकलं नव्हतं, हिशोब चुकला होता. पटकीच्या गंभीर रोग्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. जेवढं गेलं तेवढं मोजायचं आणि तेवढं परत द्यायचं, रात्रभर, न कंटाळता. हे काम खाटेशी बसणाऱ्याचं. आज इस्पितळात सिस्टर रोग्याच्या तक्त्यावर ‘किती प्यायला, किती लघवी झाली’ लिहिते, ते आपल्याला कारकुनी वाटतं. लाट्टाच्या त्या रोग्याजवळ असा तक्ता ठेवणारं कोणी असतं तर?

जातं ते नुसतं पाणी नव्हे. सोडियम जातं, पोटॅशियम जातं, म्हणून गोळे येतात आणि ग्लानी चढते. बायकार्बोनेट जातं, म्हणून रक्त आम्लाकडे झुकतं आणि रोगी खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेऊ लागतो. नुसतं पाणी पाजून हा तोल सावरत नाही. आणि नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर अशा वेळी आतडं ते नीट शोषत नाही. ग्लुकोज सोबत असलं की आतडं सोडियम आत घेतं, आणि मागोमाग पाणीही. १९६० च्या दशकात हे उलगडलं.

त्याची खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत, बंगालमधल्या बनगाव इथे पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रोग्यांच्या आया-बहिणींवर सोपवलं. छावण्यांत तीस टक्क्यांपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण तिथे चार टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

आणि आपली पेज? तिच्यातल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोजच होतं. पुढे तांदळाच्या पिठाचं जलसंजीवनी मिश्रण करून पाहिलं, तेव्हा पटकीच्या रोग्यांचे जुलाब त्याने आणखी कमी झाले. म्हणजे ओर्ताने पाहिलेल्या त्या कांजीवाल्यांनी अर्धी वाट गाठली होती. राहिलं होतं ते मोजून घातलेलं मीठ, आणि मोजून पाजण्याची चिकाटी. म्हणून "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं म्हणायचा मोह आवरावा. ठाऊक असतं तर घंटा बंद करायची वेळ आली नसती.

अजूनही जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडणारी घरं आहेत, ‘प्यायला की परत होतं’ म्हणून. जाऊ दे झालं तर. जेवढं जातं, तेवढं द्यायचं. घोटाघोटाने, ओआरएसच्या पुडीतलं, पुडीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवून. सोबत मीठ घातलेली पेज आहेच. आणि पोर मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर मग पेजेची वाट बघायची नाही, थेट इस्पितळ गाठायचं.