पहाटेचा दीपस्तंभ आणि काचेचा पदर

आम्ही सेलूच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आपण कापसाच्या हिशोबाचं बोललो होतो. आज जरा लांबचं बोलू या. समुद्राचं, दीपस्तंभाचं आणि फोटोचं. तुम्ही म्हणाल, आपल्या परभणी जिल्ह्यात कुठला आलाय समुद्र? खरं आहे. आपण दुधना आणि गोदावरीच्या पाण्यावर वाढलेल्या बाया. पण या गोष्टीचं एक टोक आपल्या घरात आहे, ते शेवटी सांगू.

गेल्या हिवाळ्यात गटातल्या आम्ही अकरा जणी अलिबागला गेलो. सेलूहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई, तिथून लाँचने मांडवा, पुढे गाडी. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच थळच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. समोर पाण्यात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी आणि त्याच्या पलीकडचं खांदेरी. खांदेरीवरचा दिवा अजून लुकलुकत होता.

या खांदेरीचा इतिहास मोठा आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावरच हे बेट, म्हणून इंग्रजांना ते सहन झालं नाही. त्यांनी आरमार पाठवलं, लढाई झाली, पण मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी बेट सोडलं नाही. शेजारच्या उंदेरीवर मग जंजिऱ्याच्या सिद्दीने ठाण मांडलं. पुढे आंग्र्यांच्या काळात खांदेरी गाजलं आणि १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. मुंबई बंदरात जहाजांची ये-जा वाढली, तेव्हा १८६७ मध्ये इंग्रज सरकारने या किल्ल्यावर दीपस्तंभ उभा केला. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातही खांदेरी आहे.

दीपस्तंभातला दिवा म्हणजे नुसता मोठा दिवा नव्हे. त्याच्याभोवती खास भिंग असतं. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने ते शोधलं आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या एका दीपस्तंभावर ते पहिल्यांदा लागलं. एकच जाड काच न घेता त्याने काचेच्या कड्या पायऱ्यांसारख्या एकाभोवती एक बसवल्या. चहूकडे पसरून वाया जाणारा उजेड त्या कड्या गोळा करतात आणि एका दिशेला लांबवर फेकतात. काही दीपस्तंभांत धोक्याच्या खडकांच्या बाजूला लाल काचही लावतात. लाल उजेड दिसला की नावाड्याने समजायचं, इकडे येऊ नको. म्हणजे भिंग आणि रंगीत काच ही जोडी फक्त कॅमेऱ्याची नाही, दीपस्तंभाचीही आहे.

आता फोटोकडे येऊ. आमची समजूत अशी की सूर्य समुद्रातून वर येईल आणि त्याच्यासमोर काळा मनोरा दिसेल, कॅलेंडरवर असतो तसा. पण कोकणचा समुद्र पश्चिमेला! सूर्य आमच्या पाठीमागून, डोंगराकडून उगवला. समुद्रातून उगवता सूर्य पाहायचा तर पूर्व किनाऱ्यावर जावं लागतं. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या किनाऱ्यावर एक उंच मनोरा बांधला, त्याला आजही मनोराच म्हणतात. तिथे सूर्य पाण्याच्या अंगाने येतो. थळला मात्र आधी पश्चिमेच्या आभाळात खाली निळसर आणि वर गुलाबी पट्टा दिसला. मग पहिलं ऊन थेट बेटावर पडलं आणि मनोरा उजळला.

सगळ्यांचे मोबाईल एकदम वर झाले. फोटो पाहिला तर बेट बरं, पण मनोरा उजेडात विरघळलेला. का? खालचं पाणी आणि बेट काळसर होतं. मोबाईलला वाटलं, अंधार आहे, म्हणून त्याने सगळंच उजळ केलं. आमच्यातल्या एकीने काळा गॉगल मोबाईलपुढे धरला. काही फरक नाही. गॉगलने उजेड कमी केला, तेवढा मोबाईलने पुन्हा वाढवला. किनाऱ्यावर जाळं उलगडणाऱ्या एका कोळी ताईंचा मुलगा हसला आणि म्हणाला, "मावशी, मनोऱ्यावर बोट दाबून धरा. छोटा सूर्य दिसेल, तो खाली ओढा." तसं केलं आणि मनोऱ्याच्या कडा उमटल्या. काचेने झालं नाही, ते बोटाने झालं.

संध्याकाळी मात्र काच कामाला आली. तेव्हा सूर्य समोर होता. आभाळ ठेवावं तर पाणी काळं, पाणी ठेवावं तर आभाळ पांढरंफटक. एकीच्या गॉगलची काच वरून गडद आणि खाली फिकी होती. ती भिंगापुढे बोटभर अंतरावर अशी धरली की गडद भाग आभाळावर आला. आभाळ शांत झालं आणि पाणीही दिसू लागलं. फोटोवाले याच कामासाठी अर्धी गडद, अर्धी कोरी काच वापरतात. तिला फिल्टर म्हणतात. उन्हात रस्त्याने चालताना आपण पदर कपाळावर पुढे ओढतो ना, तसंच हे. एक मात्र सांगतो, सूर्याकडे डोळ्यांनी टक लावून पाहू नका, गॉगल असला तरी नाही.

हा पदर फोटोला लागला, त्याचीही एक गोष्ट आहे. जुन्या काळी फोटो काचेच्या पट्टीवर काढत. त्या पट्टीवरच्या औषधाला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग तिला फार लवकर लागे, लाल जवळजवळ लागतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं दिसतं, ढग पुसलेले. आणि बाईच्या कपाळावरचं लाल कुंकू काळं दिसतं! फ्रान्सच्या ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरने १८५० नंतरच्या दशकात यावर युक्ती काढली. समुद्राचा एक फोटो, आभाळाचा दुसरा, आणि कागदावर छापताना दोन्ही जोडायचे. १८७३ मध्ये जर्मनीच्या फोगेल यांना कळलं की औषधात विशिष्ट रंग मिसळला तर पट्टीला इतर रंगही दिसू लागतात. १९०६ पासून सगळे रंग ओळखणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या. त्यांच्यासोबत भिंगापुढे पिवळी काच लावली की निळा उजेड अडायचा, आभाळ गडद व्हायचं आणि ढग उठून दिसायचे.

ढग तर परत आले. पण फोटोतून बायाही पुसल्या गेल्या होत्या, त्यांचं काय?

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ हे नामांकित फोटोग्राफर होते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो काढायला तिथे एक इंग्रज बाई नेमल्या होत्या. पण तिथे जाणार कोण? मोठ्या घरच्या बायका. सेलूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या आपल्या पणजीपर्यंत तो कॅमेरा आला नाही. दीनदयाळांच्या स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी मदतकामांचेही फोटो काढले. पण दुष्काळाच्या रांगेतल्या माणसांची नावं लिहून ठेवायची तेव्हा रीत नव्हती.

कॅमेऱ्यामागच्या बायांचंही तेच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण फिल्मला भोकं पाडणं, ती औषधात धुणं, शूटिंगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करणं, हे सरस्वतीबाई फाळके करत होत्या. ऊन हवं तिथे वळवायला त्या पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, असंही सांगतात. म्हणजे उजेडाला वळण लावायचं काम त्या पदर खोचून करत होत्या.

होमाई व्यारावाला यांचंही ऐका. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तेव्हा त्या कॅमेरा घेऊन तिथे होत्या. आपण मराठवाड्याचे लोक त्या दिवशी अजून स्वतंत्र नव्हतो, आपला दिवस उजाडला १७ सप्टेंबर १९४८ ला. होमाईबाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

आता घरातलं टोक. सहलीहून परतल्यावर गटातल्या एकीच्या सासूबाई वारल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घर धुंडाळलं. सासऱ्यांचे चार फोटो निघाले, फेट्यातले, बैलजोडीसोबतचे. सासूबाईंचा एकच, मतदार ओळखपत्रावरचा. फोटो असलेली ओळखपत्रं आपल्या देशात १९९३ पासून सुरू झाली. कितीतरी खेड्यांतल्या बायांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच. सासूबाईंचा तो नखाएवढा फोटो मोठा करून आणला, तर कपाळ आणि गाल पांढरे, नुसते दोन डोळे. आमची मैत्रीण त्याच्याकडे बघून म्हणाली, "पन्नास वर्षं या घरात राबली, आणि तिचा चेहरा आम्ही राखला नाही."

थळचा मनोरा उजेडात विरघळला, तेव्हा आम्ही दहा वेळा फोटो काढला. घरातल्या म्हातारीसाठी एकदाही बोट दाबून धरलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्याच जणी गप्प झाल्या.

मग बैठकीत ठरलं. गटातल्या प्रत्येकीने आपल्या घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या बायांचे फोटो काढायचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, ऊन चेहऱ्यावर एका बाजूने पडेल असं बसवून. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड बेताचा करायचा. लुगड्याचा रंग, हातातलं गोंदण, सगळं दिसलं पाहिजे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात काढायचा नाही, डोळे काळे खड्डे होतात. फोटो कागदावर छापून घ्यायचा, कारण मोबाईल बिघडतो, हरवतो. मागे पूर्ण नाव, माहेरचं गाव, तारीख आणि फोटो काढणारीचं नाव लिहायचं. आणि आधी त्या बाईला विचारायचं. नको म्हणाली तर नको.

आतापर्यंत आमचे एकोणीस फोटो झाले. सगळ्यात वयस्कर आजींनी आपला फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "माझी आई अशीच दिसायची गं."

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला एवढंच विचारा, आपल्या आईचा, सासूचा, आजीचा नीट फोटो कोणाकोणाकडे आहे? किती हात वर होतात ते आम्हाला कळवा.