कॉव्हेंट्रीचे बालगायक

आपल्या ज्ञातिमंडळाच्या मेळाव्याचा आरंभ मुलांच्या समूहगीताने व्हावा, असा जुना परिपाठ आहे. गीत संपते, मुले व्यासपीठावरून उतरतात आणि मग वडीलधाऱ्यांची भाषणे सुरू होतात. मुलांच्या कंठावर याहून मोठा भार टाकता येईल काय, असा विचार मनात आला की इंग्लंडातील एका प्रसंगाचे स्मरण होते. तोच येथे निवेदन करतो.

दिनांक १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री या उद्योगनगरीवर बॉम्बवर्षाव केला. पाचशेंहून अधिक नागरिक प्राणास मुकले. सेंट मायकेलचे मध्ययुगीन कॅथीड्रल भस्मसात झाले. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. ते भग्नावशेष तसेच राखून त्यांच्या शेजारी बेसिल स्पेन्स या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणे नवे कॅथीड्रल उभे राहिले. २५ मे १९६२ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. त्या उत्सवासाठी बेंजामिन ब्रिटन यांनी नवे वृंदगान रचले, तेच 'वॉर रेक्विएम' होय.

ब्रिटन कट्टर शांततावादी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला होता. मृतात्म्यांसाठी म्हटली जाणारी लॅटिन प्रार्थना आणि विल्फ्रेड ओवेन या सैनिक कवीच्या नऊ कविता त्यांनी एकत्र गुंफल्या. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी रणांगणावर पडला. त्याचे वय अवघे २५ होते. पुढे सातच दिवसांनी युद्ध थांबले आणि शांततेच्या घंटा वाजत असतानाच त्याच्या मृत्यूची तार आईच्या हाती पडली.

३० मे १९६२ रोजी पहिला प्रयोग झाला. इंग्लंड, जर्मनी आणि रशिया या देशांचे एकेक गायक एकत्र यावेत, अशी ब्रिटन यांची इच्छा होती. पीटर पिअर्स हे इंग्रज आणि एकेकाळी जर्मन सैन्यात असलेले व युद्धकैदी झालेले फिशर-डीस्काउ शेजारी उभे राहिले. रशियाच्या गालिना विश्नेव्स्काया यांना मात्र त्यांच्या सरकारने अनुमती नाकारली. हेदर हार्पर यांनी अल्पावधीत ते गाणे बसवून ती उणीव भरून काढली.

या थोर कलावंतांच्या जोडीला लेमिंग्टन व स्ट्रॅटफर्ड येथील होली ट्रिनिटी चर्चची मुले होती. स्ट्रॅटफर्डचे हे चर्च म्हणजे जेथे शेक्सपिअर चिरनिद्रा घेत आहे तेच. मुलांचा स्वर लहानशा ऑर्गनच्या साथीने दूरवरून यावा, अशी रचनाकाराची योजना होती.

त्यांच्या गायनाचा एक भाग विशेष मननीय आहे. बायबलात अब्राहाम पुत्राचा बळी देऊ लागतो, तोच देवदूत त्याचा हात धरतो. आपल्याकडील चिलया बाळाच्या कथेतही अखेरीस बाळ परत मिळते. ओवेनच्या कवितेतील म्हातारा मात्र देवदूताचे ऐकत नाही. तो पुत्राला मारतो आणि त्याच्यामागोमाग युरोपची निम्मी तरुण पिढीही. दोन्ही पुरुष गायक हे सांगत असतानाच दुरून मुलांची प्रार्थना ऐकू येते. ज्यांचा बळी जातो त्यांचाच तो निष्पाप स्वर! ही जागा मुलांवाचून भरून निघणारी नव्हती.

वडिलांच्या हट्टापायी मुलांचा बळी जातो, तो केवळ रणांगणावरच असे नाही. मानापमानाची भांडणे, जुनी वैरे, फुकाची प्रतिष्ठा यांच्या वेदीवर घरोघर मुलांचे सुख चढविले जाते. शिक्षकी पेशात मी ते पुष्कळ पाहिले आहे. म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती इतकीच की, पुढील मेळाव्यात मुलांस केवळ स्वागतगीतापुरते उभे करू नये. त्यांना आशयघन असे काही गाऊ द्यावे आणि आपण वडीलधाऱ्यांनी ते शांतपणे ऐकावे.