स्थिर आयपी पत्ता : कोणाला हवा, कशासाठी हवा?

इंटरनेटची नवी जोडणी घेताना स्थिर, म्हणजेच स्टॅटिक आयपी पत्ता हवा का, अशी विचारणा अनेकदा होते. त्यासाठी सहसा वेगळे शुल्क द्यावे लागते. मात्र या पत्त्यामुळे जोडणीचा वेग वाढत नाही. बाहेरून आपल्या जोडणीपर्यंत थेट पोहोचण्याची गरज असेल, तरच त्याचा खरा उपयोग होतो.

आयपी पत्ता म्हणजे काय?

इंटरनेटवर माहिती नेमकी कोठे पोहोचवायची, हे आयपी पत्त्यावरून ठरते. प्रचलित चौथ्या आवृत्तीतील पत्ता ० ते २५५ या मर्यादेतील चार आकड्यांचा असतो. घरगुती ग्राहकाला सेवा पुरवठादार आपल्याकडील मोकळा पत्ता तात्पुरता देतो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो बदलू शकतो. हा बदलता, म्हणजेच डायनॅमिक पत्ता होय. स्थिर पत्ता मात्र एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेला असतो.

पत्त्यांची टंचाई

चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटण्यात आले. या टंचाईमुळे अनेक सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये विभागून देतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दुर्गच्या पद्मनाभपूर येथील रहिवासी नागपूरला गेला आणि तेथून घरच्या कॅमेऱ्याशी थेट संपर्क साधू लागला, तर सामायिक पत्त्यामुळे ती विनंती त्याच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. राउटरमध्ये दिसणारा बाह्य पत्ता १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, अथवा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा असेल, तर जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही असे समजावे.

कोणाला गरज?

स्वतःचा सर्व्हर किंवा ई-मेल यंत्रणा चालवणारे कार्यालय, शाखांना व्हीपीएनने जोडणारा व्यवसाय आणि ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देणाऱ्या यंत्रणांचे ग्राहक यांना स्थिर पत्ता आवश्यक ठरतो. संकेतस्थळे पाहणे, चित्रपट पाहणे, ऑनलाइन शिक्षण किंवा बँक व्यवहार यांसाठी घरी त्याची गरज नसते. कंपनीच्या सर्व्हरमार्फत मोबाइलवर चित्र दाखवणारे कॅमेरेही त्याविना चालतात.

पत्ता आणि ओळख

बदलता पत्ता सकाळी एका ग्राहकाकडे, तर सायंकाळी दुसऱ्याकडे असू शकतो. त्यामुळे तपासात पत्त्यासोबत तारीख व अचूक वेळ जुळणे अत्यावश्यक असते. ऑर्कुटवरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली होती. आयपी पत्त्याबाबत पोलिसांना मिळालेली माहिती चुकीची असल्याचे नंतर उघड झाले. तोपर्यंत या निर्दोष तरुणाला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले होते. आयपी पत्ता फक्त जोडणी दाखवतो. ती त्या वेळी कोण वापरत होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सुरक्षेची काळजी

स्थिर पत्ता हल्लेखोरांनाही कायम सापडतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून स्थिर पत्ता घेताच मूळ पासवर्ड बदलावेत, अनावश्यक पोर्ट बंद करावेत आणि उपकरणांची प्रणाली अद्ययावत ठेवावी. कॅमेरा थेट इंटरनेटवर खुला करण्यापेक्षा व्हीपीएनमधून पाहणे अधिक सुरक्षित असते.

पर्याय

सार्वजनिक पण बदलता पत्ता असलेल्यांना डायनॅमिक डीएनएस सेवा उपयोगी पडते. पत्ता बदलला तरी तिच्यामुळे नाव तेच राहते. जोडणी सामायिक पत्त्यावर असेल, तर मात्र ही सेवा पुरेशी ठरत नाही. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही. तरीही त्या आवृत्तीचा पत्ता स्थिर आहे की बदलता, हे जोडणी घेण्यापूर्वी सेवा पुरवठादाराकडून जाणून घ्यावे.