वाळ्याची ताटी आणि कॉम्प्युटरचा पंखा

वॉटर कूलिंगवाला कॉम्प्युटर म्हटला की डोळ्यांसमोर आधी पाणी येतं. रंगीत पाणी, पारदर्शक नळ्या, आत लुकलुकणारे दिवे वगैरे. पंखे सगळ्यात शेवटी आठवतात, आणि मग खरेदी होते ती एकाच आकड्यावर: ज्याचा सीएफएम जास्त तो पंखा भारी! सीएफएम म्हणजे पंखा मिनिटाला किती घनफूट हवा हलवतो तो आकडा. खोक्यावर छापलेला हा आकडा खोटा नसतो. पण तो मोजताना पंख्यापुढे काहीही अडथळा नसतो. तुमच्याकडे मात्र त्याच पंख्यापुढे दाट पात्यांचा रेडिएटर असतो.

आता मजा बघा. हा घोळ समजून घ्यायला कुठलाही बेंचमार्क नको. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत एखाद्या घराच्या खिडकीला लावलेला लोखंडी कूलर पुरतो. त्या कूलरची वंशावळ कॉम्प्युटरपेक्षा बरीच जुनी आहे. आजचा वीकेंड त्या वंशावळीसाठी.

आधी वाळा, मग वारा

बिलोली म्हणजे तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका, मांजरा नदीच्या रेतीचा मुलूख. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारची हवा एकदम कोरडी असते. कोरडी हवा ओल्या गवतातून नेली की पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतूनच घेतली जाते, आणि हवा थंड होते. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आइन-ए-अकबरी' लिहिलं, त्यातही वाळ्याच्या कुडांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात गारवा आणण्याचा उल्लेख आहे. (वाळा म्हणजेच हिंदीवाल्यांचा खस.)

पण ताटीची एक अडचण होती. वारा असेल तर गारवा. वारा पडला की ताटी नुसतीच ओली!

१८३० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी यावर तोडगा काढला आणि त्याला भारदस्त नाव दिलं: थर्मँटिडोट. नाव कितीही भारदस्त असलं तरी वस्तू ओळखीची निघते. १८८६ साली आलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तिचं वर्णन आहे: धान्य उफणायच्या यंत्रासारखा पंखा, खिडकीत बसवलेला आणि भोवती ओल्या ताट्या. खळ्यावर भुसा उडवणारा पंखा थेट बंगल्याच्या खिडकीत आला म्हणायचं. मोटर अर्थातच नव्हती. बाहेर झळा सोसत कुणीतरी दांडा फिरवायचा, तेव्हा आत साहेबाला झोप लागायची.

त्या दांडा फिरवणाऱ्याला एक गोष्ट पुस्तक न वाचता कळली असणार. मोकळ्यावर वारा घालणं वेगळं आणि ओल्या, दाट गवतातून वारा ओढणं वेगळं. इंजिनिअरिंगच्या भाषेत पहिल्याला एअरफ्लो म्हणतात. दुसऱ्यासाठी लागतो तो स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्याच्या विरुद्ध हवा रेटायची ताकद.

तीन ताट्या कशाला?

पुढे विजेची मोटर आली, दांडा गेला, आणि तोच डबा आपला डेझर्ट कूलर झाला. त्यात ताट्या तीन बाजूंना असतात. एकच जाड ताटी लावून का भागत नाही?

कारण पंखा तेवढीच हवा तिप्पट क्षेत्रफळातून ओढतो, तेव्हा प्रत्येक ताटीतून हवेचा वेग एक तृतीयांश होतो. वेग कमी झाला की अडथळाही झपाट्याने उतरतो. मग साध्या एक्झॉस्ट फॅनवरही काम भागतं. उलट ताट्यांवर बोअरच्या पाण्याचे क्षार चढले की तोच पंखा, तीच मोटर, पण "कूलर वारा मारत नाही" अशी तक्रार सुरू. पंखा बदललेला नसतो, त्याच्यापुढचा अडथळा बदललेला असतो. थोडक्यात काय, तर पंखा एकटा कधीच निवडता येत नाही. तो अडथळ्यासकट निवडावा लागतो.

कॉम्प्युटरला पाणी लागलं

मेनफ्रेमच्या जमान्यात, १९६० च्या दशकातच आयबीएमने मोठ्या यंत्रांमध्ये पाणी खेळवलं होतं. घरगुती कॉम्प्युटरला तेव्हा त्याची गरज नव्हती. १९९३ चा पहिला पेन्टियम साधारण १५ वॅटचा. पण २००४ पर्यंत पेन्टियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला, आणि त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत गुंडाळला. ॲपलने २००४ मध्येच पॉवर मॅक जी५ च्या सगळ्यात वेगवान मॉडेलमध्ये पाणी आणलं. हौशी मंडळी तर त्याआधीपासून गाडीच्या हीटरचे रेडिएटर काढून कॅबिनेटला जोडत होती! २००९ साली कोर्सेअरचा एच५० आला, आणि पाणी भरून सीलबंद केलेली किट दुकानातून थेट विकत मिळू लागली.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. कूलरमध्ये पाणी स्वतः थंडावा देतं. कॉम्प्युटरमध्ये पाणी फक्त हमाल आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून हमाल फार चांगला. पण ओझं उतरवायचं कुठे? रेडिएटरवर, हवेच्या अंगावर. म्हणजे शेवटचं काम पुन्हा पंख्याचंच! आणि खोलीत ४२ अंश असतील तर रेडिएटरमधलं पाणी ४२ च्या खाली जाणार नाही, तुम्ही कितीही महागडे पंखे लावा.

दोन पंखे, दोन स्वभाव

आता उदाहरण घेऊ. नॉक्टुआ या एकाच कंपनीचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे. एनएफ-एस१२ए तासाला १०७ घनमीटर हवा हलवतो, म्हणजे ६३ सीएफएम. एनएफ-एफ१२ चा आकडा ९३ घनमीटर, म्हणजे ५५ सीएफएम. नुसत्या सीएफएमवर गेलात तर पहिला घ्याल. पण दाबाचा आकडा बघा: पहिल्याचा १.१९ मिलिमीटर पाणी, दुसऱ्याचा २.६१. पहिला मोकळ्या कॅबिनेटमधली हवा बाहेर काढायला. दुसरा रेडिएटरसाठी. कंपनीने ते बनवलेतच त्या दोन कामांसाठी.

मग वेग वाढवला तर? पंख्याचे नियम इथे निर्दय आहेत. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट, दाब चौपट, पण वीज आठपट, आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वर. दोन पंखे शेजारी-शेजारी लावले तर हवा वाढते, एकामागे एक लावले तर दाब वाढतो. म्हणून जाड, दाट पात्यांच्या रेडिएटरला दोन्ही बाजूंनी पंखे लावतात. पातळ, विरळ पात्यांच्या रेडिएटरवर तो खर्च बहुतेक वाया जातो.

पाषाणचा सूर्य

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर बघायचा तर पुण्यात पाषाणला या. २०१८ च्या जानेवारीत आयआयटीएममध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला, मॉन्सूनच्या अंदाजासाठी, ४ पेटाफ्लॉपचा. यंत्र क्रे एक्ससी४० जातीचं. या जातीत कॉम्प्युटरच्या कपाटांच्या रांगेत मध्ये मध्ये नुसत्या पंख्यांची कपाटं असतात. हवा रांगेतून आडवी वाहते आणि प्रत्येक कपाटाच्या कडेला पाण्याची जाळी असते. तापलेली हवा पुढच्या कपाटात शिरण्याआधी तिथे थंड होते. जाळी कपाटाच्या अख्ख्या बाजूएवढी! म्हणजे ताटीचंच तत्त्व: क्षेत्रफळ वाढवा, वेग कमी ठेवा. २०२४ मध्ये तिथेच आलेल्या 'अर्क'मध्ये (११.७७ पेटाफ्लॉप) पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलं आहे. तरीही ते पाणी उष्णता टाकायला शेवटी इमारतीबाहेरच्या हवेकडेच जातं.

मग बिलोलीत काय करायचं?

समजा तिथे कुणी व्हिडिओ एडिटिंगचं काम करतंय आणि मशीन ५०० वॅट उष्णता टाकतंय. हवा १० अंशांनी तापू द्यायची ठरवली तर लागतात सुमारे ८८ सीएफएम. तीन पंख्यांच्या ३६० मिलिमीटर रेडिएटरवर वाटणी झाली की एकेकाच्या वाट्याला तिसेक. चांगल्या दाबाचा पंखा एवढं न किंचाळता करतो. तेच एका १२० च्या रेडिएटरवर करायचं म्हटलं तर एका पंख्याने ८८ सीएफएम रेटायचे. घरात बसणं मुश्किल होईल.

४२ अंशांच्या खोलीत मोठ्या रेडिएटरचं पाणी ५५ च्या आसपास राहील. बऱ्याच पंपांची मर्यादा ६० अंश असते, म्हणजे काठावर का होईना, भागतं. छोट्या रेडिएटरवर नाही भागत. मग काय, मशीनसाठी दिवसभर खोलीचा कूलर चालू.

आणि इथे प्रश्न नुसत्या आवाजाचा राहत नाही. मोठा डेझर्ट कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. आठ तासांचे झाले ऐंशी लिटर. कॉम्प्युटरच्या बंद नळ्यांमधलं लिटरभर पाणी मात्र वर्षभर तेच फिरतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती 'जलदूत' गाडी आठवतेय ना? त्या मराठवाड्यात ऐंशी लिटर ही किरकोळ गोष्ट नाही. माणसांसाठी कूलर जरूर लावा. पण रेडिएटर छोटा आणि पंखा चुकीचा घेतला म्हणून मशीनसाठी तो लावावा लागू नये.

तर खरेदीला जाताना क्रम असा ठेवा: आधी रेडिएटरचं क्षेत्रफळ, मग त्याच्या पात्यांची दाटी, मग पंख्याचा दाब, आणि सगळ्यात शेवटी सीएफएम. रेडिएटरपुढे धुळीची जाळी लावणार असाल तर तोही अडथळाच. मांजरेकाठची धूळ बघता आठवड्याला ती धुवावी लागेल. आणि कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा. कूलर लावून खिडक्या-दारं गच्च बंद केली की काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला लागत नाही.

असो. चहा गार झाला, तोही पंख्याखाली.