व्यायाम आणि सुवाह्य संगीत

व्यायाम आणि सुवाह्य संगीत : चालणे, धावणे, सायकल चालविणे, व्यायामशाळेत वजने उचलणे इ. व्यायामप्रकार करीत असताना अंगावर बाळगलेल्या लहान यंत्रातून, कानाला लावलेल्या हेडफोनद्वारे संगीत ऐकण्याची प्रथा. आजच्या स्वरूपातील ही प्रथा १९७९ नंतरची आहे. मात्र लयीच्या आधाराने श्रम हलके करण्याची कल्पना अतिप्राचीन असून ती बहुतेक सर्व समाजांत आढळते. पुणे जिल्ह्यातील मावळ भागात या विषयाच्या निरनिराळ्या बाजू जवळजवळ पाहावयास मिळतात. गाण्याच्या तालावर दळणकांडण करणाऱ्या स्त्रिया व टाळमृदंगाच्या साथीने घाट चढणाऱ्या दिंड्या ही तिची सामूहिक बाजू होय. लोणावळे येथे विकसित झालेली योगपरंपरा ही निःशब्दतेची बाजू होय. आणि कामशेतसारख्या गावच्या रस्त्यावर पहाटे कानात गाणे घेऊन चालणारा वा धावणारा तरुण ही या प्रथेची अलीकडची बाजू होय.

पूर्वपीठिका : कामशेत हे पुण्याच्या वायव्येस सु. ४५ किमी.वर, इंद्रायणीच्या काठी, मुंबई–पुणे जुन्या महामार्गावर व लोहमार्गावर वसलेले बाजाराचे गाव आहे. त्याच्या परिसरातील बेडसे, भाजे व कार्ले येथील लेणी प्राचीन व्यापारी मार्गाची साक्ष देतात. भाजे येथील विहारात इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे एक शिल्प असून त्यात तालवाद्य वाजविणारी स्त्री आणि तिच्या शेजारी नृत्य करणारी स्त्री दाखविली आहे. शरीराची हालचाल व वाद्याचा ठेका यांची सांगड मावळाला किती जुन्या काळापासून परिचित आहे, हे या शिल्पावरून दिसते.

ग्रामीण श्रमजीवनात ही सांगड अधिक व्यापक होती. जात्याचा खुंटा धरून दळताना स्त्रिया ओव्या म्हणत. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली असे; फेरा अडला की शब्दही थबके. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या संग्रहावरून असे दिसते, की ओवी ही केवळ श्रमपरिहाराचे साधन नव्हती. सासर-माहेर, दारिद्र्य, देवभक्ती व जातिव्यवस्था यांविषयीचे स्त्रियांचे मनोगत तीत व्यक्त होई. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्यावर जाते मागे पडले व त्याबरोबर ओवीचे प्रयोजनही संपले. श्रमाचे साधन बदलले, की त्याच्याशी निगडित संगीतही बदलते वा लोप पावते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पायी चालण्याला संगीताची जोड देणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे वारी. आळंदी ते पंढरपूर हे सु. २५० किमी.चे अंतर वारकरी टाळ, मृदंग व अभंग यांच्या साथीने कापतात. ‘पाउली’ या प्रकारात पावलांची चाल थेट मृदंगाच्या ठेक्याशी बांधलेली असते. कार्तिकी एकादशीच्या सुमारास कोकणातील अनेक दिंड्या बोरघाट चढून खंडाळा, लोणावळे, कामशेत या मार्गाने आळंदीस जातात. दिंडीतील संगीत प्रत्येक चालणारा स्वतः निर्माण करतो व सर्वांसाठी करतो. दमलेल्याची चाल मंदावली, तर टाळकऱ्यांचा ठेकाही सावरून घेता येतो. सुवाह्य यंत्रातील संगीताला ही सोय नसते.

लेझीम : व्यायाम व वाद्य एकाच साधनात एकत्र आणणारा महाराष्ट्रातील प्रमुख प्रकार म्हणजे लेझीम होय. या शब्दाचे मूळ फार्सीत असून त्याचा संबंध व्यायामासाठी वापरल्या जाणाऱ्या धनुष्याशी जोडला जातो. धनुष्याच्या दोरीऐवजी लोखंडी साखळी लावून ते ताणण्याचा सराव करीत. पुढे साखळीत धातूच्या चकत्या ओवून आवाज करणारे हलके लेझीम प्रचारात आले. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, घुटना अशी त्याच्या हालचालींची नावे व्यायामशाळांतून रूढ आहेत. हलगी, ढोल वा ताशा यांच्या ठेक्यावर वाकणे, बसणे, उडी घेणे या क्रिया होत असल्याने हातपाय, कंबर व श्वसनेंद्रिये यांना भरपूर व्यायाम घडतो. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला शिस्तबद्ध रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) आणि पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाने (स्थापना १९२४) देशी व्यायामप्रकारांचा प्रसार केला. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शालेय कवायतीत लेझमीला स्थान मिळाल्याने मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांचा तालबद्ध व्यायामाशी परिचय झाला.

लोणावळे येथील योगपरंपरा : माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. आसने व प्राणायाम यांच्या शरीरावरील परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न असून तेथील संशोधन योग-मीमांसा या नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागले. एकाच गुरूकडे शिकलेल्या परंपरेतून एकीकडे तालबद्ध सांघिक व्यायाम आणि दुसरीकडे शांत योगाभ्यास पुढे यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. योगाभ्यासात चित्त श्वासावर आणि स्नायूंच्या ताण-शैथिल्यावर ठेवावयाचे असते. बाहेरच्या तालाची तेथे आवश्यकता नसते. संगीत ऐकत केलेल्या व्यायामात याच्या उलट लक्ष श्रमावरून काढून घेतले जाते. या दोन दृष्टींतील भेद पुढील संशोधनाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

सुवाह्य साधनांचा विकास : ट्रँझिस्टर रेडिओ १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आल्याने संगीत खिशात बाळगणे शक्य झाले, तथापि ऐकावयाचे काय, हे नभोवाणी केंद्र ठरवी. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे निवड श्रोत्याच्या हाती आली. अंगावर बाळगण्याच्या स्टेरिओ यंत्राची कल्पना आंद्रेआस पावेल यांनी १९७७ मध्ये इटलीत एकस्वासाठी नोंदविली होती. सोनी कंपनीचा ‘वॉकमन’ १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचे वजन सु. ३९० ग्रॅ. व किंमत ३३,००० येन होती. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. मात्र दोघांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून हेडफोनसाठी दोन जोडण्या ठेवल्या होत्या. एकट्याने ऐकणे सभ्यपणाचे दिसणार नाही, या शंकेतून ही सोय केली होती. ग्राहकांना मात्र एकट्याने ऐकणेच अधिक पसंत पडले व पुढील नमुन्यांतून दुसरी जोडणी गेली. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत आरोग्यासाठी मंदगतीने धावण्याची लाट आली होती. हलके हेडफोन व कमरेला अडकविता येणारे यंत्र तिला सोयीचे ठरले.

कॅसेटनंतर १९८४ मध्ये सुवाह्य सीडी-वादक आला. तो धावताना बसणाऱ्या हिसक्यांमुळे मध्येच अडखळे. १९९८ पासून एमपी३ वादक प्रचारात आले. त्यांत फिरणारा भाग नसल्याने हा दोष नाहीसा झाला. ॲपल कंपनीचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला. २००६ मध्ये बुटातील संवेदकाच्या साहाय्याने धावण्याचा वेग व अंतर आयपॉडवर नोंदविण्याची सोय उपलब्ध झाली. पुढे स्मार्टफोनने ही सर्व कामे आपल्याकडे घेतली. कॅसेटच्या वॉकमनचे जपानमधील उत्पादन २०१० मध्ये व आयपॉडचे २०२२ मध्ये थांबले.

भारतात परदेशी, विशेषतः आखाती देशांत, काम करणाऱ्यांनी सोबत आणलेल्या यंत्रांमधून ही साधने प्रथम लोकांसमोर आली. १९८० नंतरच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि भक्तिगीते, लावण्या, लोकगीते यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांची भक्तिगीते खेडोपाडी पोहोचली ती प्रामुख्याने कॅसेटींद्वारे. वॉकमन हे एका कंपनीच्या वस्तूचे नाव मराठीत सर्वच सुवाह्य वादकांना लावले जाऊ लागले.

शरीर व मन यांवरील परिणाम : या विषयावरील आरंभीचे एक निरीक्षण लिओनार्ड एअर्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क येथील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत वाद्यवृंद वाजत असताना स्पर्धकांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल (सु. ३१.५ किमी.), तर तो थांबला असताना १७.९ मैल (सु. २८.८ किमी.) असल्याचे त्यांना आढळले. १९९८ मध्ये इथिओपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासी याने २,००० मी. धावण्याचा बंदिस्त मैदानावरील विक्रम केला, तेव्हा मैदानावर वाजणाऱ्या एका लोकप्रिय गीताच्या ठेक्याशी त्याने आपली पावले जुळविली होती.

संगीताचा परिणाम मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार लयीशी जुळवून घेण्याचा. मनुष्याची सहज चाल मिनिटाला सु. १२० पावलांच्या आसपास असते. त्याजवळच्या लयीचे गीत कानावर पडले, की पावले नकळत तिच्याशी जुळतात, हालचाल एकसारखी होते व शक्तीचा अपव्यय काहीसा टळतो. दुसरा प्रकार अवधानाचा. स्नायू व फुप्फुसे यांकडून येणाऱ्या थकव्याच्या संवेदना आणि बाहेरून येणारा ध्वनी यांत अवधान विभागले जाते आणि श्रमाची जाणीव कमी होते. मात्र श्रम अतितीव्र झाले, की शरीराच्या संवेदना प्रबळ होतात व संगीताकडे लक्ष राहत नाही.

पीटर टेरी, कोस्टास काराजॉर्गिस व त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संगीतामुळे व्यायाम अधिक सुखद वाटतो, कार्यक्षमता थोडी वाढते, श्रमाची जाणीव व प्राणवायूचा व्यय किंचित घटतो. हृदयस्पंदनाच्या गतीवर मात्र उल्लेखनीय परिणाम आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ असा, की संगीत शरीराचे काम फारसे कमी करीत नाही. ते काम सोसण्याची मनाची तयारी वाढविते. व्यायामाचा कंटाळा येऊन तो सोडून देणाऱ्यांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. परंतु हृदयविकार असलेल्या वा नव्यानेच व्यायाम करू लागलेल्या व्यक्तीला थकव्याची सूचना वेळीच मिळणे आवश्यक असते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

धोके व निर्बंध : हेडफोनमुळे होणारा पहिला धोका श्रवणशक्तीला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा ध्वनी आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ९० डेसिबल झाल्यास ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. रहदारीच्या रस्त्यावर वाहनांच्या आवाजावर मात करण्यासाठी यंत्राचा आवाज वाढविला जातो व ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आतील कर्णातील केशकोशिका एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा निर्माण होत नाहीत; त्यामुळे अशी हानी कायमची ठरते.

दुसरा धोका अपघाताचा. अमेरिकेत २००४ ते २०११ या काळात हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांची नोंद एका अभ्यासात करण्यात आली. त्यांतील सु. ७० टक्के पादचारी मृत्युमुखी पडले व निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेगाडीची धडक बसून झालेले होते. अनेक प्रसंगी गाडीने भोंगा वाजविला होता. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये शर्यतींत हेडफोन वापरण्यास बंदी केली; पुढच्याच वर्षी ती शिथिल करून हौशी धावपटूंच्या बाबतीतील निर्णय संयोजकांवर सोपविला. विजेतेपदासाठी धावणाऱ्यांना मात्र ही मुभा नाही. कारण त्यांच्या बाबतीत संगीत हे बाह्य साहाय्य ठरते.

कामशेतच्या परिसरात या धोक्याचे महत्त्व विशेष आहे. खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाल्यापासून या अरुंद खोऱ्यात नदी, रस्ता व रूळ हे जवळजवळ समांतर गेले आहेत. पहाटे चालण्यास वा धावण्यास निघणाऱ्यांना जुन्या महामार्गाची कडच वापरावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच मार्गावर साते गावाजवळ आळंदीस निघालेल्या दिंडीत वाहन शिरून अनेक वारकरी जखमी झाले. समूहाने चालणाऱ्यांनाही जेथे सुरक्षितता नाही, तेथे कान बंद करून एकट्याने जाणे अधिक जोखमीचे होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कामशेतच्या टेकड्यांवर रूढ झालेल्या पॅराग्लायडिंगमध्येही कानाचे महत्त्व असेच आहे. हवेच्या प्रवाहाबरोबर आपण चढत आहोत की उतरत आहोत, हे सांगणाऱ्या व्हेरिओमीटर या उपकरणाचा आवाज व वाऱ्याचा नाद यांकडे चालकाला सतत लक्ष ठेवावे लागते.

ध्वनिलहरी कर्णपटलाऐवजी कवटीच्या अस्थींद्वारे पोहोचविणारे व कानाचे छिद्र मोकळे ठेवणारे हेडफोन एकविसाव्या शतकात उपलब्ध झाले असून त्यांमुळे बाहेरचे आवाज ऐकू येऊ शकतात. तरीही अवधान विभागले जाण्याचा दोष त्यांनी पूर्णपणे दूर होत नाही. एकच कान वापरणे, आवाज मर्यादित ठेवणे, वाहनांच्या समोरून येणाऱ्या बाजूने चालणे व रुळांजवळ यंत्र बंद करणे, हे उपाय अधिक भरवशाचे आहेत.

ओवी, दिंडी व लेझीम यांतील संगीत श्रम करणाऱ्याच्या कंठातून किंवा हातातून निघे आणि शेजारच्याला ऐकू जाई. सुवाह्य यंत्राने निवडीचे स्वातंत्र्य दिले. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला, विशेषतः आखाड्यात वा दिंडीत ज्यांना सहज स्थान नव्हते त्यांना, सोबत दिली. मात्र परस्परांची चाल सावरून घेण्याचा जो गुण सामूहिक संगीतात होता, तो त्यात आला नाही. मावळात या दोन्ही प्रथा आज एकाच रस्त्यावर नांदत असून, पहाटे हेडफोन लावून धावणारा तरुण कार्तिकात दिंडीत टाळ धरतानाही दिसतो.