खरोशाच्या लेण्यांचं कूळ

औशाहून निलंग्याकडे निघालं की बराच वेळ दोन्ही बाजूंना काळी रानंच दिसतात. सोयाबीन, तूर, मधेच उसाचा फड. खरोशाजवळ मातीचा रंग बदलतो. गावाशेजारचा डोंगर तांबूस आहे, आणि त्याच्या कडेला, उन्हातून पाहिलं तर नुसतीच काळी भोकं वाटावीत अशी दारं आहेत. जवळ गेलं की दारांचे खांब दिसतात, आत मंडप दिसतो, भिंतीवर कुणीतरी उभं आहे असं जाणवतं. शिवपार्वती, कार्तिकेय, नरसिंह, कैलास हलवू पाहणारा रावण. सहाव्या शतकाच्या आसपास डोंगर पोखरून केलेली ही डझनभर लहानमोठी लेणी आहेत. लातूर जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जाताना ज्यांना मागे टाकून जातात, ती ही.

अजिंठ्याच्या मापाने खरोसा मोजायला गेलं तर हाती निराशाच येणार. इथे रंगवलेली भिंत नाही, आरशासारखा घोटलेला दगड नाही, मूर्तींचे चेहरे पुसट झालेले आहेत. माझं म्हणणं असं की माप चुकतंय. खरोशाची लेणी समजून घ्यायची तर आधी तो डोंगर कशाचा आहे ते पाहावं लागतं.

अजिंठा, वेरूळ, पितळखोरे, कार्ले, भाजे ही सगळी लेणी काळ्या पाषाणातली, म्हणजे बेसॉल्टमधली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जे दख्खनचं पठार तयार झालं, त्या पाषाणातली. खरोशाचा डोंगर जांभ्याचा आहे. जांभा म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, रत्नागिरीचे चिरे आणि तांबडे गडगे आठवतात. पण मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, निलंगा-उदगीरपासून बीदरपर्यंत, काळ्या पाषाणाच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. हा दगड मुळात त्या काळ्या पाषाणाचाच झिजून बदललेला अवतार. लाखो वर्षं उष्ण हवेत पाऊस मुरत राहिला, वाळूचा अंश वाहून गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. लोह गंजलं, म्हणून रंग तांबडा.

या दगडाचा स्वभाव पाथरवटाला आधी भुलवतो आणि मग अडवतो. जमिनीत असतो तोवर तो मऊ असतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हिंडताना हे पाहिलं आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात नोंदवलं, की ताजा जांभा लोखंडी पात्याने कापता येतो आणि उघडा पडला की हवेने विटेसारखा टणक होतो. खरोशाच्या कारागिरांना हे त्याच्या बाराशे वर्षं आधी हाताने ठाऊक होतं. काळ्या पाषाणात एक खोली काढायला जेवढा घाम लागतो, त्याहून कितीतरी कमी कष्टात जांभ्यात मंडप उभा राहतो. उभा राहिल्यावर तो वाळतो, टणकतो, स्वतःच स्वतःला धरून ठेवतो.

पण बारीक काम हा दगड घेत नाही. भिंतीला अगदी चिकटून पाहा. पृष्ठभाग सपाट नाहीच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बोटभर, अर्ध्या बोटाची भोकं, त्यांच्या कडा काळपट तपकिरी आणि कणखर, आणि भोकांच्या आत पिवळसर भुसभुशीत माती. बोट घातलं तर माती नखाला लागते. अशा अंगावर पापणी कशी कोरणार? मोत्याची माळ कशी कोरणार? छिन्नी एका ठिकाणी टणक गाठीवर आदळते आणि दोन दाण्यांपुढे मातीत रुतते. म्हणून जांभ्यात काम करणारा माणूस ठोकळ आकाराचा विचार करतो: खांद्याचा उतार, मांडीचा फुगार, रावणाच्या उचललेल्या हातांचा ताण. नाक-डोळे, दागिने, वस्त्राच्या चुण्या हे सगळं वर चढवलेल्या गिलाव्याचं. गिलावा गेला की तपशील गेला. आज आपण खरोशाच्या नरसिंहाला ओबडधोबड म्हणतो तेव्हा आपण त्याचं अस्तर पाहत असतो. खांब जाडजूड का, याचंही उत्तर हेच आहे. जांभ्याच्या बारीक खांबावर भरवसा ठेवता येत नाही.

अशी लेणी खरोशात एकटी नाहीत. गोव्यात साखळीजवळ हरवळे इथे जांभ्यातच कोरलेली लेणी आहेत, साधारण त्याच काळातली, आत शिवलिंगं, बाहेर मूर्तिकामाला जवळजवळ फाटा. तिथल्या कारागिरांनी दगडाशी वाद घातला नाही, नुसती गर्भगृहं काढली आणि थांबले. खरोशाच्या लोकांनी वाद घातला. भिंतीवर अख्खे प्रसंग उभे करायचेच, असं त्यांनी ठरवलं होतं. मला या लेण्यांबद्दल जो आदर वाटतो तो या हट्टासाठी.

हा हट्ट आला कुठून? त्यासाठी पश्चिमेकडे, तेरकडे जावं लागतं.

तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून तगरचा उल्लेख आहे. तिथलं कापड गाड्यांतून खडतर वाटेने भडोच बंदराला जात असे. ते तगर म्हणजे तेर, हे पुरालेखतज्ज्ञ फ्लीटने 1901 मध्ये मांडलं. आपल्याकडे तेर संत गोरोबाकाकांचं, पण गोरोबाकाकांच्या हजार वर्षं आधी तिथे स्तूप होता, रोमशी व्यापार होता, आणि विटांनी बांधलेलं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल असलेलं चैत्यगृह होतं. ते आजही उभं आहे, त्रिविक्रमाचं मंदिर म्हणून. गावकऱ्यांना नांगरटीत मिळालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरमध्ये आहे. ते पाहिल्याशिवाय खरोशाला जाऊ नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

जिथे व्यापारी तिथे भिक्षू, कारण पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्यासाठी त्यांना निवारा लागतो आणि तो निवारा कोरून द्यायला कुणाची तरी थैली लागते. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या कडेला कोरलेली लेणी या परंपरेतली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात अजिंठ्याला कामाचा जो जोर होता, तो त्याच्या मृत्यूनंतर ओसरला, पण त्याची छाप राहिली. धाराशिवच्या मोठ्या विहाराची मांडणी पाहिली, मधला चौक, भोवती खांब, बाजूंना राहायच्या खोल्या, समोर गाभारा, की हे घर अजिंठ्याच्या घराण्यातलं आहे हे सांगावं लागत नाही.

आणि इथेच या परिसराची सर्वांत सुंदर कुळकथा आहे. मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ नावाचं काव्य रचलं. हिरालाल जैन यांनी ते संपादित केलं आणि 1934 मध्ये आपल्याच विदर्भातल्या कारंज्याहून ते प्रसिद्ध झालं. त्यात चंपानगरीचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर तेरापूरजवळ, म्हणजे तेरजवळ, मुक्काम करतो. डोंगरात त्याला हजार खांबांची गुंफा दिसते. वर चढतो तर एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो, एका वारुळाला प्रदक्षिणा घालतो, पाणी शिंपडतो, कमळ वाहतो. राजा वारूळ खणायला लावतो. आत पार्श्वनाथाची मूर्ती. ती मूर्ती गुंफेत नेतात. मग राजाचं लक्ष गुंफेतल्या जुन्या मूर्तीच्या सिंहासनावर उठलेल्या एका गाठीकडे जातं. ही गाठ शोभत नाही, फोडा, असं तो सांगतो. गाठ फुटते आणि पाण्याचा लोंढा उसळून गुंफा भरून जाते. राजा पस्तावतो. तेव्हा एक दिव्य पुरुष प्रकट होऊन त्याला लेण्याचा पूर्वइतिहास सांगतो, की उत्तरेतून परागंदा झालेल्या नील आणि महानील या विद्याधरबंधूंनी इथे राज्य वसवलं आणि हे लेणं घडवलं.

म्हणजे अकराव्या शतकाच्या सुमारास हे काव्य लिहिलं गेलं तेव्हाच धाराशिवची लेणी इतकी जुनी झाली होती की त्यांना मूळकथेची गरज पडली होती. लेणं बौद्ध की जैन यावर पुढे विद्वानांची भरपूर चर्चा झाली. बौद्ध विहार पुढे जैनांनी आपलासा केला, हे मत मला पटतं. करकंडाला तर बौद्ध आणि जैन दोघेही प्रत्येकबुद्ध, म्हणजे गुरूवाचून स्वतःच ज्ञान मिळवलेला, मानतात, तेव्हा कथेत त्याची निवड आंधळी नव्हती. पाण्याची ती गाठही निव्वळ कल्पना नाही. डोंगरात कोरीव काम करताना पाण्याची शीर फुटणं हे कारागिरांचं खरं भय होतं, आणि खरं भाग्यही, कारण पाण्याशिवाय डोंगरात वस्ती होत नाही.

जांभ्याच्या डोंगरात तर पाण्याचं गणित फारच वेगळं. वरचा सच्छिद्र दगड पाऊस पिऊन घेतो, खाली चिकणमातीचा थर त्याला अडवतो, आणि दोघांच्या सांध्यावर पाणी कडेने पाझरतं. बीदरला पंधराव्या शतकात बहमनींच्या अमलात जमिनीखालून जे पाण्याचे बोगदे, कारेझ, खणले गेले ते हाच सांधा हेरून. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलेल्या लातूरने डोंगराची ही विद्या जरूर अभ्यासावी.

धाराशिवनंतरच्या पिढीत घराण्याचा धर्म बदलला. सहाव्या शतकात महाराष्ट्रभर शैव लेण्यांची लाट आली. जोगेश्वरी, घारापुरी, वेरूळचं रामेश्वर लेणं ही त्या लाटेतली. भिक्षूंच्या खोल्या गेल्या, मधोमध लिंगाचा गाभारा आला, भिंतीवर पुराणातले प्रसंग आले. कैलास उचलणारा रावण घारापुरीत आहे, वेरूळला आहे, आणि खरोशालाही आहे. म्हणजे डोंगराआडच्या या गावातल्या कारागिरांना त्या काळी सगळीकडे काय चाललंय याची पूर्ण खबर होती. दगड तेवढा वेगळा मिळाला.

पुढचा धागा लातूरकरांनी अभिमानाने सांगावा असा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवून घेत. अमोघवर्षाच्या 866 सालच्या शिरूरच्या शिलालेखात हे बिरुद आहे आणि लट्टलूर म्हणजेच लातूर. तसेच कोकण-कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत आणि आपलं मूळ विद्याधरांत सांगत, करकंडाच्या कथेतल्या त्या विद्याधरबंधूंसारखंच. दोन मोठ्या राजघराण्यांनी आपलं कूळ सांगताना याच टापूतल्या दोन गावांकडे बोट दाखवलं. त्यांतल्या राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात पहिल्या कृष्णाच्या काळी वेरूळला अख्खा डोंगर वरून खाली उतरवत कैलास लेणं घडवलं. खरोशाचे डोंगर त्याआधीच पोखरले गेले होते. नांदेड जिल्ह्यातलं कंधार राष्ट्रकूटांच्याच वैभवाचं गाव, आणि माहूरला गावालगत जे भव्य लेणं आहे, ज्याला लोक पांडवलेणं म्हणतात, तेही राष्ट्रकूटकाळातलं मानलं जातं.

माहूर आणि खरोसा यांना जोडणारा दुसरा धागा रेणुकेचा. माहूर तिचं मूळपीठ, आणि खरोशाच्या डोंगरावरही रेणुकामातेचं देऊळ आहे. दसऱ्याला तिथे माणसं येतात, नवस फेडतात, लेण्यांच्या सावलीत बसून शिदोरी सोडतात. म्हणून ही वस्ती ओस पडली असं मी म्हणणार नाही. राहणारे गेले, येणारे थांबले नाहीत. ओस पडणं म्हणजे काय हे औसा तालुक्याला कुणी शिकवायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली, आणि नवी गावं वसल्यावर जुन्या गावठाणांत बाभळी वाढल्या. इथली माणसं ‘जुनं गाव’ म्हणतात तेव्हा त्या दोन शब्दांत काय असतं ते बाहेरच्याला पटकन कळत नाही.

लेण्यांची पहिली आधुनिक नोंद पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसची. 1875-76 च्या दौऱ्यात निजामाच्या मुलखातल्या या भागात तो हिंडला, आणि बीदर-औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरावशेषांवरच्या 1878 च्या अहवालात त्याने धाराशिवबरोबर खरोशाचंही वर्णन दिलं. नंतर दोन्ही लेण्यांबद्दल लिहिलं गेलं, पण धाराशिवबद्दल जास्त. खरोसा उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं, 1982 मध्ये लातूर वेगळा झाल्यावर नव्या जिल्ह्यात आलं, आणि पर्यटनाच्या पत्रकांत चार ओळींत मावू लागलं.

जांभ्याचं झिजणं आवाज न करता होतं. काळ्या पाषाणाला तडा जातो, तुकडा पडतो, ते दिसतं. जांभ्याच्या भोकांतून माती आधी निघून जाते, मग टणक कडा एकमेकींना धरून राहत नाहीत, आणि एका पावसाळ्यात रावणाचं एखादं बोट खाली मातीत मिसळतं. तिथे खडूने नावं लिहिणारे, दिव्याची काजळी धरू देणारे हात जेवढं नुकसान करतात, त्याहून जास्त नुकसान छतातून झिरपणारं पाणी करतं. वरच्या अंगाला पाण्याला वाट काढून देणं, पन्हळ खोदून ते लेण्याच्या माथ्यावरून बाजूला वळवणं, हे काम फार खर्चाचं नाही. आणि त्याच्याही आधी प्रत्येक भिंतीचं नीट मोजमाप आणि छायाचित्रण व्हायला हवं. लातुरात स्थापत्य शिकवणारी महाविद्यालयं आहेत, मुलं आहेत, हल्ली हातातल्या मोबाईलवरून भिंतीची त्रिमिती प्रतिमा घेता येते. ती बर्जेसच्या वर्णनाशेजारी ठेवली, की दीडशे वर्षांत कोणती मूर्ती किती गेली हे भिंतीगणिक सांगता येईल, आणि पन्हळ आधी कोणत्या लेण्यावर खोदायची तेही ठरवता येईल.